लिंबाच्या खोडात भरलेलं सिमेंट

मी सोलापुरात एका कापडगिरणीत फिटर होतो. मोडलेलं काही दिसलं की माझे हात शिवशिवायचे. शेजाऱ्याची सायकल, घरातला स्टोव्ह, दाराची कडी, काहीही चालायचं. बायको म्हणायची, "तुम्हाला धड असलेलं काही बघवतच नाही." टोमणाच होता तो, पण मला त्यात शाबासकी ऐकू यायची.

आमच्या घराला लागून एक जुना कडुलिंब होता. दोन पुरुष उंचीवर त्याला बेचका फुटला होता. तिथून एक फांदी आमच्या पत्र्यावर आली होती आणि दुसरी शेजारच्या विणकराच्या मागाच्या शेडवर. मधली तिसरी फांदी तारांना लागते म्हणून फार पूर्वी कुणीतरी तोडली होती. तिथल्या जखमेत दर पावसाळ्यात पाणी साचायचं. साचून साचून खोडात भोक पडलं. मी शिडी लावून हात घातला तर तो खांद्यापर्यंत आत गेला आणि बाहेर आला तो काळा चिखल घेऊन.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी ते भोक बुजवलं. चिखल खरवडून काढला, विटांचे तुकडे आणि सिमेंट थराथरानं ठासलं. तोंडावर गिलावा केला, आणि तो ओला असतानाच खिळ्यानं सालीसारख्या रेघा ओढल्या. वर गेरू आणि चुलीची काजळी चोळली. दोन पावसाळ्यांनी आजूबाजूची साल त्यावर चढली आणि मग भोक कुठं होतं ते मलाही शोधावं लागायचं. पाहुणा आला की मी त्याला शिडीवर चढवायचो. "ओळखा बघू, झाड कुठं संपलं आणि मी कुठं सुरू झालो?" एकालाही कधी ओळखता आलं नाही. मला केवढा आनंद व्हायचा! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण माझा बैल त्या दिवसांत फार डौलात चालला होता.

मला कळत नव्हतं ते एवढंच की झाड वाऱ्याला हलतं आणि सिमेंट हलत नाही. दोघांमध्ये बारीक फट पडते, तिच्यातून पाणी आत उतरतं आणि आता त्याला सुकायलाही वाट नसते. उघडं भोक निदान वाळलं असतं. लिंबानं स्वतःच त्याच्या कडेनं जाड कड धरली असती. हे मला पुढं एका जाणकार माळ्यानं सांगितलं, तेव्हा त्याचा उपयोग उरला नव्हता.

चार-पाच वर्षांनी शेडवरची फांदी वाळायला लागली. खाली विणकराच्या घरची चार माणसं दिवसभर मागावर बसलेली असायची. वळवाचे दिवस जवळ आले होते. विणकर एकदा दारात येऊन नुसता वर बघत उभा राहिला. मी दुसऱ्याच दिवशी झाड उतरवणाऱ्याला निरोप धाडला.

तो मंद्रूपकडचा, शहराच्या कडेला वस्तीत राहायचा. पंचेचाळिशीचा, काटक, कमी बोलणारा. सोबत त्याची बायको. फांदी कापायच्या आधी तो फांदीला मोटेचा जुना जाडजूड नाडा, म्हणजे दोर, बांधायचा, तो नाडा वरच्या दुसऱ्या फांदीवरून खाली सोडायचा, आणि खाली त्याची बायको त्याचे दगडी खांबाला दोन वेढे देऊन धरायची. त्यामुळं फांदी कोसळायची नाही, हळूहळू उतरायची. दोघं घरात कानडी बोलत. कामात त्यांना दोनच शब्द लागायचे. तो वरून "हिडी" म्हणाला की तिनं नाडा धरायचा, "बिडू" म्हणाला की सोडायचा. छपराची कौलं असोत की काचेची खिडकी, वीस वर्षांत आपण कुणाचं काही फोडलं नाही, असं ती बाई मोठ्या अभिमानानं सांगत होती.

त्यानं आधी बुंध्याशी हळद-कुंकू वाहिलं. मग कुऱ्हाड उलटी धरून बुंध्यावर ठोकत, सालीला कान लावत तो झाडाभोवती फिरला.

"मालक, ह्यो धंदा कुऱ्हाडीचा न्हाय, कानाचा हाय," तो म्हणाला. "पोकळ झाड येगळं बोलतंय. कुटं पाणी-बिणी मुरत हुतं का ह्येच्यात?"

आता इथं मी काय बोलायचं होतं ते लहान पोरानंही सांगितलं असतं. दारात उभी असलेली माझी बायको डोळे मोठे करून मला खुणावत होती, की सांगा. मी तिच्याकडं बघून हसलो आणि त्याला म्हणालो, "तुम्हीच बघा की, मामा. तुम्ही जाणकार."

मला त्याची परीक्षा घ्यायची होती. पाहुणेरावळे फसले त्यात काय मोठंसं? पण ज्याचा जन्म झाडावर गेला तो फसला, तर माझ्या हाताची खरी किंमत कळणार होती. तो उतरल्यावर चहा पिताना सांगायचं आणि त्याचं तोंड बघायचं, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

तो चढला. बेचक्यापाशी थांबून त्यानं पुन्हा ठोकलं. एकदा, दोनदा, मग माझ्या गिलाव्यापासून वीतभर अंतरावर. मी खालून बघत होतो. त्यानं सालीला कान लावला आणि खाली बघून म्हणाला, "घट्ट हाय की. लई घट्ट."

मी खूश झालो. हे लिहिताना हात जड होतो, पण झालो होतो.

आमच्या बाजूच्या फांदीवर त्यानं नाडा टाकला, स्वतःच्या कमरेचा दोरही तिलाच बांधला आणि वाळलेली फांदी कापायला घेतली. फांदी सुटली, नाड्यावर लोंबली. "हिडी!" तो ओरडला. बाईनं वेढा आवळला. सगळा भार त्या बेचक्यावर आला आणि बेचका उभा फाटला. फार मोठा आवाज झाला नाही. ओलं लाकूड मोडल्यासारखा बसका आवाज झाला, आणि ज्या फांदीला त्यानं स्वतःला बांधलं होतं ती त्याला घेऊनच खाली आली.

विणकर शेडमधून धावत आला. आम्ही दोघांनी फांदी बाजूला ओढली. फांदीखाली तो शुद्धीवर होता. "पाय कुटं हायत माजं?" एवढंच विचारत होता. त्याची बायको नाडा धरूनच उभी होती. सोड असं कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून तिनं सोडला नव्हता. माझ्या बायकोनं तिची बोटं एकेक करून उलगडली.

टांग्यातून त्याला दवाखान्यात नेलं. अंथरूण आणायला म्हणून मी घरी परत आलो, तेव्हा फाटलेल्या खोडात माझा सिमेंटचा गोळा अख्खा उभा होता, घागरीएवढा. त्याला तडा गेला नव्हता. भोवतीचं लाकूड बोटानं कुस्करेल इतकं सडलेलं, आणि सालीचं नुसतं टरफल राहिलं होतं.

मी घण आणला आणि तो गोळा फोडला. बायको म्हणाली, "हे लपवून काय होणार आहे?" मी तिच्या अंगावर ओरडलो. आयुष्यात तिच्यावर तसा कधी ओरडलो नव्हतो. तुकडे परसातल्या खड्ड्यात टाकले, वर माती लोटली, आणि मग अंथरूण घेऊन दवाखान्यात गेलो. तिथं मी रात्रभर त्याच्या उशाशी बसलो. लोक म्हणाले, मालक देवमाणूस आहे.

कमरेखाली त्याच्यात जीव राहिला नाही. दोन-अडीच महिन्यांनी त्याला घरी आणल्याचं कळलं. मी ज्वारीचं पोतं सायकलला बांधलं आणि वस्तीवर निघालो. त्या दिवशी सांगूनच टाकायचं असं मी पक्कं केलं होतं. काय बोलायचं ते वाटभर घोकत गेलो.

तो बाजेवर पडला होता. दाराबाहेर त्याच्या बायकोचा भाऊ बसला होता, गावाकडून आलेला, तरणाताठा. बाईनं माझ्यासाठी चहा ठेवला आणि लगेच विषयालाच हात घातला.

"मालक, तुमी तरी सांगा ह्यांला. माजा भाऊ चडंल, मी नाडा धरीन. ह्यांला हातगाडीवर घालून नेतो आमी. ह्यांनी निसतं ठोकून सांगायचं, चड म्हून न्हाय तर नगं म्हून. चडायला पाय लागत्यात, झाड वळकायला लागत्यात व्हय?"

"माज्या कानावर आता मानूस चडवायचा न्हाय," तो छताकडं बघत म्हणाला.

"का म्हून? ईस वरसं हाच कान हुता की!"

त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "मालक, तुमी समोर हुता. मला घट्ट वाजलं. माज्या कानानं ऐकलंय, घट्ट. फाटल्यावर तुमी बगितलं असंल. खरं सांगा, आत काय हुतं?"

बाईही माझ्याकडं बघत होती. तिच्या तोंडावर आशा होती. तिला वाटत होतं, शिकलेला माणूस आहे, काहीतरी धीराचं बोलेल. आणि मला धीराचं बोलायची गरजच नव्हती, खरं बोललो असतो तरी पुरलं असतं. तुमचा कान शाबूत आहे, मामा, तुम्ही ऐकलं ते बरोबर होतं. एवढ्या वाक्यानं त्याला त्याचा धंदा परत मिळत होता. वाक्य जिभेवर होतं. पण त्याच्यामागून माझी काजळी, माझा गेरू, दारातली बायकोची खूण, सगळं बाहेर पडलं असतं, आणि तो मला ज्या डोळ्यांनी बघत होता त्या डोळ्यांनी त्यानं पुन्हा बघितलं नसतं. मला पोलिसांची भीती नव्हती. मला त्या डोळ्यांची होती.

"पोकळ होतं, मामा," मी म्हणालो. "पार पोकळ."

त्यानं हळूच मान हलवली. माझ्यावर रागावला नाही, उलट खरं सांगितलं म्हणून हात जोडले. मग बायकोला कानडीत दोन-तीन शब्द बोलला आणि भिंतीकडं तोंड केलं. ती उठली, बाहेर गेली, आणि भावाला गावाकडं परत जायला सांगितलं. तो सदरा झटकून उठला आणि चालू लागला.

आत येऊन तिनं माझ्या हातात चहाची कपबशी दिली. मी तो चहा सगळा प्यायलो.