परदेशी निघालेल्या पेटीतली चोरी

ते प्रकरण आठवलं की राग नेमका कुणाचा धरावा तेच मला अजून ठरवता येत नाही. मालकाचा येतो, ड्रायव्हरचा येतो आणि शेवटी फिरून माझाच येतो.

मी मूळचा सिंधुदुर्गातला. आठवीनंतर शाळा सुटली. धाराशिव जिल्ह्याच्या भरतीत शिपाई झालो आणि सगळी नोकरी इकडंच काढली. या जिल्ह्यानं मला पोटाला दिलं, सहायक फौजदारापर्यंत पोचवलं, ते उपकार मी विसरत नाही. पण कमी शिकल्याची धास्ती अंगातून कधी गेली नाही. समोरचा इंग्रजी शब्द बोलला की मी नुसती मान डोलवायचो.

आमच्या हद्दीत औषधांचा एक कारखाना होता. ताप-खोकल्याची औषधं करून लातूर-सोलापूरपर्यंत विकायचा. मग मालकांनी आफ्रिकेतल्या एका देशात माल पाठवायचं मनावर घेतलं. तिकडचे तपासनीस येऊन कारखाना बघून गेले, कागदांचे गठ्ठे गेले-आले, नमुने नापास होऊन परत पाठवले गेले. काही वर्षं अशी गेल्यावर, ऐन नवरात्रात, थंड ठेवायच्या इंजेक्शनांची पहिली खेप निघाली. तिकडं पोचल्यावर पेट्या उघडल्या, तर एका पेटीत ‘डेटा लॉगर’ नव्हता. तिकडच्या खात्यानं सगळी खेप अडवली.

मालक ठाण्यात आले. पेटी भरणाऱ्या बाईनंच लॉगर लांबवला, अशी फिर्याद दिली.

“लॉगर म्हणजे लक्षात आलं ना साहेब?”

“आलं की,” मी म्हणालो. गुन्हा दाखल केला आणि तपास माझ्याकडंच घेतला.

बाई तिशीची, ईट गावाकडची. नवऱ्यानं सोडलेली, म्हाताऱ्या आईला सांभाळणारी. कारखान्यानं तिला कामावरून काढलं होतं. चोरीचा डाग लागला असता, तर दुसऱ्या कुणी तिला दारातसुद्धा उभं केलं नसतं.

“म्या माझ्या हातानं ठेवलाय साहेब,” ती म्हणाली. “चालू झालेला बघितला, मगच झाकण लावलं.”

“मग गेला कुठं?”

“ते तुमी शोधायचं. माझं काम ठेवायचं व्हतं.”

पंचांसमक्ष घराची झडती घेतली. तिच्या आईनं स्वतःच पिठाचा डबा माझ्यापुढं सरकवला. “ह्यात बी हात घाला. न्हायतर परत याल.” मी डब्यात हात घातला नाही. लॅपटॉपसारखं काहीतरी असेल असं माझ्या डोक्यात होतं. ते पिठाच्या डब्यात कसं मावणार? ट्रंक उलटी केली, गाद्या उचलल्या. बाई भिंतीला टेकून बघत होती.

मग माल नेणारा ड्रायव्हर. वाटेत कुठं थांबलास, असं विचारलं तर म्हणाला, कुठंच न्हाय, सरळ मुंबई.

“चहाला?”

“न्हाय साहेब.”

“लघवीला?”

तो छताकडं बघायला लागला. जो ड्रायव्हर कुठंच थांबत नाही, त्याचं उत्तर दुसऱ्या कुणीतरी तयार करून दिलेलं असतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी भंगारवाले आणि मोबाइलची दुकानं पालथी घालत बसलो. “लॉगर विकायला आलाय का?” विचारलं की दुकानदार मान हलवून नाही म्हणायचे. त्यांनाही तो काय असतो ते माहीत नसणार.

तिसऱ्या आठवड्यात बाईला पुन्हा जबाबाला बोलावलं. ती वैतागली होती.

“साहेब, रोज इचारता लॉगर कुठंय. त्यो कसा असतो ते ठावं हाय का तुमाला?”

तिनं कागद मागून घेतला आणि चित्र काढलं. “काडीपेटीएवढी पांढरी डबी. वर बारका लाल दिवा, लुकलुकतो. पेटीत गारवा किती राहिला ते आत नोंदवून ठेवतो.”

जबाब लिहिणाऱ्या हवालदाराचं पेन थांबलं. “साहेब, असली डबी म्या बुडवलीय.”

“कुठं?”

“बादलीत. यात्रेच्या बंदोबस्ताला.”

नवरात्रात तुळजापूरला चालत जाणाऱ्यांसाठी आमच्या ठाण्यानं रस्त्यावर मदतीचा तंबू टाकला होता. संशयित वस्तू दिसली तर पोलिसांना सांगा, असं भोंग्यावरून आम्हीच ओरडत होतो. एका टेम्पोवाल्यानं रस्त्यात सापडली म्हणून डबी आणून दिली. एवढ्या गर्दीत कुठं बॉम्बचं पथक बोलवायचं, म्हणून हवालदारानं दिवा विझेपर्यंत ती पाण्यात ठेवली. नंतर ‘बेवारस पांढरी डबी, निकामी’ अशी नोंद करून मुद्देमाल खोलीत टाकली. ती खोली माझ्या खुर्चीमागच्या भिंतीपलीकडं. आणि मी तीन आठवडे बायाबापड्यांच्या ट्रंका उलट्या करत होतो.

ड्रायव्हरपुढं डबी ठेवली, तसा तो बोलला.

“मालक म्हणले, पयला माल परदेशी चाललाय, आदी आईच्या दारात नेऊन आण. तितं हळदकुंकू वाहायला पेटी उघडली, तर आत लाल दिवा. मला बॉम्बच वाटला. रस्त्यात घावला म्हणून तुमच्याच तंबूत देऊन आलो.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीस?”

“तुळजापूरचं नाव काढू नको म्हणले. पेट्या मधी उघडायच्या न्हाईत, असं तिकडच्यांनी लिहून घेतलंय.”

मालकांना बोलावलं. ते म्हणाले, “सांगितलं असतं तर ऑर्डर गेली असती साहेब.”

“आणि बाई आत गेली असती ते?”

ते मोबाइल बघायला लागले.

चोरी झालीच नव्हती, तसा अहवाल न्यायालयात पाठवला. डबी ठाण्यातच सापडली, हे वाक्य मला स्वतःच्या हातानं लिहावं लागलं. ऑर्डर वाचवायला मालकांना तिकडच्या खात्यापुढं तुळजापूरची कबुली द्यावी लागली आणि दुसरी खेप स्वखर्चानं पाठवावी लागली. बाईला कामावर घेतल्याचं पत्र मी त्यांच्याकडून मागून घेतलं आणि घरी नेऊन दिलं.

तिनं ते दोनदा वाचलं. “साहेब, पयल्याच दिवशी इचारलं असतं तर?”

“लाज वाटली ताई. माझं शिक्षण आठवी.”

“माझं सातवी,” ती म्हणाली. “मला बी कुठं ठावं व्हतं? सुपरवायझरला चारदा इचारलं. लई कावला माझ्यावर. पण सांगितलं.”

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक फिर्यादीला मी आधी हेच विचारत गेलो, की वस्तू दिसते कशी. नाही कळलं तर पुन्हा विचारायचो. फिर्यादी कावायचे. मी त्यांना कावू द्यायचो.