खिळा घ्यायला मॉलात

हार्डवेअरच्या दुकानात मालाची फार निगा राखावी लागते. खिळे गंजतात, वायसर कडक होतात, पाइप उन्हानं वाकतात. किस्स्यांना मात्र काही होत नाही! ते न मागवता येतात, जागा अडवत नाहीत आणि जितके जुने होतील तितके चांगले चालतात. अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान आहे. गल्ल्यावर मी बसते, माल आमचे हे काढून देतात. गल्लीत सगळे त्यांना दिलीपभाऊ म्हणतात. घाईगर्दीत एकदा गिऱ्हाइकासमोर मीही म्हणाले होते, तो किस्सा वेगळा!

बडनेऱ्याच्या पुढे, अकोल्याच्या रस्त्याला, हार्डवेअरचा भलामोठा मॉल उघडला आणि आमच्या दुकानात दुपारी माश्या मारायची वेळ आली. पुढच्या दिवाळीपर्यंत पाहू, नाही जमलं तर शटर कायमचं खाली, असं ह्यांनी जाहीर करून टाकलं. गिऱ्हाइकं कमी झाली खरी. पण मॉलात जाऊन आलेली मंडळी किस्से सांगायला आमच्याच बाकावर! माल तिकडे, गोष्टी इकडे.

*

पहिले जाऊन आले भुजाडे गुरुजी. रिटायर माणूस, रोज सकाळी आमच्याकडे पेपर वाचायला येतात. सुरुवातीला अख्खी गल्लीच कौंडण्यपूरच्या यात्रेला निघावं तशी मॉल पाहायला निघाली होती, त्यात गुरुजीही गेले.

आता आपल्याकडची रीत अशी की माणूस दुकानात आला की आधी "बसा", मग पाणी, मग चहा, आणि मग "बोला, काय पायजे?" गुरुजी आत जाऊन पाच-दहा मिनिटं उभे राहिले. कोणी बसा म्हणेना. समोर एक पांढरीशुभ्र, चकचकीत बैठक दिसली, वरून एसीची गार हवा. गुरुजी टेकले.

थोड्या वेळानं अ‍ॅप्रन घातलेली एक मुलगी धावत आली. "सर, प्लीज उठा! हा कमोड आहे, डिस्प्लेचा!"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "मले दिसते ना बाई. झाकन लावूनच बसलो हावो. तुमी चाय सांगा."

*

आमच्या प्लंबर रफीकभाईंची पद्धत सगळ्या प्लंबरांसारखीच. काय पाहिजे ते तोंडानं सांगायचं नाही. जुना तुकडा खिशातून काढायचा, काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचं, "ऐसा."

मॉलातही ते जुना नळ घेऊन गेले. एका अ‍ॅप्रनवाल्याला दाखवला. तो म्हणाला, माझा सेक्शन पेंटचा. दुसऱ्याला दाखवला, त्याचा लाइटचा. तिसरा म्हणाला, कोड सांगा. रफीकभाई म्हणाले, "नल का कोड? हम तो इसको नलइच बोलते भाई!"

तसा नळ काही मिळाला नाही. रिकाम्या हातानं निघाले, तर दारावरच्या सिक्युरिटीवाल्यानं अडवलं. पिशवीत नळ, आणि बिल नाही! रफीकभाईंनी गंज दाखवला, चुना दाखवला, आतून निघालेलं शेवाळ दाखवलं. गडी ऐकेना. म्हणे, बिल तर लागेलच.

"इसका बिल मेरे दादा के पास होयेंगा," रफीकभाई म्हणाले, "और दादा कबरस्तान में हैं. चलते क्या लेने?"

*

देशमुख काकूंचा किस्सा मात्र मला स्वतःला झोंबला.

काकूंना एक हूक पाहिजे होता. एकच! कॅलेंडर टांगायला. आमच्याकडे आल्या असत्या तर मी डब्यातून काढून हातावर ठेवला असता. पण काकूंच्या सुनेला मॉलाची हौस. तिथे सुटं मिळत नाही, सगळं पाकिटात. एका पाकिटात घरभर टांगायला पुरतील एवढे हूक, आणि पाकिटावर ऑफर, दोनवर दोन फ्री!

काकूंनी आधी कॅलेंडर टांगलं. मग पिशव्या टांगल्या, छत्र्या टांगल्या, झाडू टांगला. काका म्हणाले, "आता मी घरात उभा नाई राहत. कुठं टांगसान नेम नाई!"

पुढे संक्रांत आली. काकूंच्या घरी हळदीकुंकवाला मी गेले. हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि वाण म्हणून हातात ठेवलं काय? हुकांचं पुडकं! चार चार हूक, वरून गुलाबी रिबीन!

माझ्याकडे पाहून काकूंचा हात जरा थबकला. पण बाई मोठी धीराची. म्हणाली, "घे वं वहिनी. तुले तं यातलं समजते."

*

इतके किस्से ऐकल्यावर मलाही राहवेना. तिथले भाव तरी पाहावेत म्हटलं. पण हार्डवेअरवालीनं मॉलात जायचं म्हणजे खाणावळवाल्यानं दुसऱ्याच्या पंगतीला बसण्यासारखंच. मी ह्यांना सांगितलं, अकोल्याला ताईकडे जाऊन येते. हे म्हणाले, जा, मलाही एका साइटवर माल पोचवायचा आहे.

अमरावतीच्या पोरी स्कूटीवर बांधतात तसा स्कार्फ बांधला. फक्त डोळे उघडे. आत शिरले, तर हा पसारा! शोधत शोधत नळांपर्यंत आले आणि पायच थांबले. पलीकडे एक माणूस डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून उभा. नळ तळहातावर घेतलेला आणि डोळे मिटून वजनाचा अंदाज चाललेला. असा नळ पाहणारा माणूस अख्ख्या अमरावतीत एकच आहे.

मला कुठली दुर्बुद्धी सुचली कोण जाणे! मी जवळ गेले, आवाज बदलला आणि विचारलं, "भाऊ, हा नळ चांगला आहे काय?"

डोळे न उघडता उत्तर आलं, "नोका घेऊ ताई. अंदरून हलका हाय. राजापेठेत आमचं दुकान हाय, तिथं या."

मी स्कार्फ सोडला.

पुढची दोन मिनिटं आम्ही दोघं त्या नळांच्या भिंतीसमोर असे हसलो की लोक गोळा झाले. गोरापान, टाय लावलेला मॅनेजरही आला. आता शहाण्या माणसानं काढता पाय घ्यावा की नाही? पण हे थांबले, हेल्मेट काढलं आणि हा नळ हलका कसा, तो जड कसा, याचा आटा किती दिवस टिकेल, हे त्या मॅनेजरलाच समजावून सांगायला लागले! तो बिचारा तोंड उघडं ठेवून ऐकत होता.

बाहेर पडायचा रस्ता सापडेपर्यंत एक कुंडी, एक पायपुसणं आणि उंदराचा पिंजरा आमच्या ट्रॉलीत येऊन पडला होता. आमच्या घरी उंदीर नाहीत.

*

आठवड्याभरानं तो मॅनेजर आमच्या दुकानात हजर! बाकावर बसला, चहा प्याला आणि सरळ म्हणाला, "भाऊ, आमच्याकडे या. प्लंबिंगचा सेक्शन तुमचा. पगार, एसी, हप्त्यात एक सुट्टी, फक्त रविवारची नाही. आधी एक दिवस ट्रायल म्हणून उभे राहा."

तो गेला. दुकान सासऱ्यांनी उभं केलेलं. मला ते बंद व्हायला नको होतं. पण पोरगी पुण्यात शिकते, आणि दुपारभर रिकाम्या गल्ल्याकडे पाहत बसणंही मला सोसवत नव्हतं. शेवटी मीच म्हणाले, "जा, पाहून तर या." हे म्हणाले, "जमलं तं शटर पाडू."

ट्रायलच्या दिवशी शटर मी एकटीनं वर केलं. रडू आलं. सांगून टाकते, त्यात लाज कसली?

तिकडे ह्यांनी अ‍ॅप्रन बांधला आणि कामाला लागले. कामाला म्हणजे आपल्या पद्धतीनं. पहिलं गिऱ्हाईक आलं, नवराबायको, महागातला शॉवर हातात.

ह्यांनी विचारलं, "टाकी किती उंच हाय तुमची?"

"बाथरूमच्या वरच हाय, स्लॅबवर."

"मंग काहून घेता हा? याले प्रेशर लागते. तुमच्याइथं महादेवाच्या पिंडीवर पडते तसं थेंब थेंब पडन. आंघोळ नाई, अभिषेक होईन!"

नवराबायको खूश होऊन निघून गेले. शॉवर तिथेच.

दुसऱ्याला सांगितलं, नळ बदलू नका, नुसता वायसर बदला. तिसऱ्याला सांगितलं, पाइप चांगला आहे तुमचा, जोडणाऱ्यानं घाई केली. एका बाईंना सांगितलं, बेसिन नीट आहे, शाम्पूची पुडी अडकली असेल, आधी काढून पाहा. दुपारपर्यंत ह्यांच्यासमोर रांग लागली! बाकीच्या सेक्शनमधली माणसंही तिकडे सरकली. वऱ्हाडी माणूस बोलायला लागला की गाव विचारल्याशिवाय राहत नाही. जो तो विचारायचा, "भाऊ, तुमी कुठचे?" आणि हे सांगायचे, राजापेठेच्या मागं, लाल शटर.

संध्याकाळी मॅनेजर कॉम्प्युटरसमोर डोकं धरून बसला होता. "दिलीपभाऊ, आज सगळ्यात जास्त गर्दी प्लंबिंगला. आणि विक्री किती? शून्य!"

ह्यांचा चेहरा फुलला. म्हणाले, "पाहा साहेब, एकही गिऱ्हाईक फसलं नाई!"

घरी आले तेव्हा मी दारातच उभी होते. "काय म्हणाले?"

"उद्यापासून येऊ नोका म्हनाले."

"काहून?"

ह्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "मले वाटते, त्यायचं समदं काम आजच सरलं."

मला हसावं की बोलावं कळेना. पगार गेला, एसी गेला आणि हा माणूस वरण-भात मागून जेवला! दिवाळी तोंडावर होती. उद्या बसून शटरचं एकदाचं ठरवून टाकू, असं मी मनाशी पक्कं केलं.

सकाळी किल्ल्या घेऊन गल्लीत वळले, तर बंद दुकानासमोर सात-आठ अनोळखी माणसं उभी. कोणाच्या हातात जुना नळ, कोणाच्या पिशवीत पाइपचा तुकडा. एक जण तर बडनेऱ्याहून बायकोला घेऊन आलेला. मला पाहून तोच पुढे झाला.

"ताई, जे काईच घेऊ देत नाई ते भाऊ इथंच बसतात काय?"