त, च, द, ज, य

माझ्या ताईची दोन बोटं निकामी झाली तेव्हा लोक म्हणाले, "आठ आहेत ना अजून!" असं बोलणाऱ्याच्या एक मुस्काटात द्यावी असं मला आजही वाटतं. ताई बावीस वर्षं एका सरकारी कचेरीत टंकलेखक आहे. खिडकीचं तावदान फुटून काच मनगटात घुसली, नस कापली आणि उजव्या हाताची अनामिका नि करंगळी कायमची बधिर झाली. मराठी टाइप करणाऱ्याला विचारा, या दोन बोटांच्या वाट्याला काय येतं ते. कधीमधी लागणारे ट, ड सोडा. पण त, च, द, ज, य! ही पाच अक्षरं वगळून दोन वाक्यं बोलून दाखवा बघू.

कचेरीनं दोन महिने दिले. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा पुन्हा द्यायची, नाहीतर टंकलेखन सोडून टपालावर शिक्के मारत बसायचं. पूर्वी अठ्ठेचाळीसचा वेग होता तिचा. आता चौदावर गाडी अडली होती.

मग ती संगणकाच्या दुकानात गेली आणि तिथला सगळ्यात भडक कीबोर्ड काढायला लावला. त्याच्या डाव्या कडेला पाच जादा बटणं होती. दुकानदार अवघडला. "काकू, हा गेम खेळणाऱ्यांचा आहे. या बटणांवर पोरं बंदुका ठेवतात."

"मी अक्षरं ठेवीन," ताई म्हणाली. "आठ दिवस वापरून बघते. पटला तर घेते."

आणि त्या बिचाऱ्यानं दिलासुद्धा! ताईला नाही म्हणणारा अजून जन्माला यायचाय.

घरी प्लग लावला आणि सगळ्या बटणांखाली जांभळे-हिरवे दिवे पळायला लागले. मी कपाळावर हात मारला. ताईनं मात्र वही उघडली आणि तपासणीला आलेल्या साहेबासारखी एकेक गोष्ट टिपायला घेतली. बटण अर्धं दाबलं की आतून बारीकशी टिचकी लागते, तळापर्यंत जावं लागत नाही, म्हणून बोट दमत नाही: उत्तम. स्पेसबार खुळखुळतो: वाईट. आवाज शेजाऱ्यांपर्यंत जातो: शेजारी बघून घेतील. बटणं ठरवायला सोबत आलेल्या सॉफ्टवेअरबद्दल तिनं लिहिलं, "दिव्यांना सोळा पानं, बटणांना एक. बनवणाऱ्याला टाइप करताना कुणी पाहिलेलं नाही."

पाच बटणांवर पाच अक्षरं बसली. चौथ्या दिवशी तिनं तोच कीबोर्ड माझ्या संगणकाला लावून पाहिला, तर पाचही बटणं मुकी! मांडणी कीबोर्डात नव्हतीच, ती ताईच्या संगणकात राहिली होती. परीक्षा कचेरीच्या संगणकावर होती आणि तिथं बाहेरचं सॉफ्टवेअर कुणी टाकू देणार नव्हतं. मी घाबरले. ताई दुपारभर खणत बसली आणि कुठल्याशा पानाच्या पार तळाशी तिला ओळ सापडली: कीबोर्डच्या मेमरीत साठवा. पुन्हा माझ्याकडे आणून लावला. 'त' उमटला, 'च' उमटला, पाचही उमटली. तेव्हा कुठे दुकानदाराला होकार गेला.

त्याच सॉफ्टवेअरमध्ये एका बटणावर अख्खं वाक्य भरून ठेवता येत होतं. मी म्हटलं, "अगं, 'वरील विषयास अनुसरून' एका टिचकीत! वेग दुप्पट!"

ती भडकलीच. "अक्षराची जागा बदलली ती माझी सोय. वाक्य भरून ठेवलं तर ती लबाडी. कळलं?"

पुढचे दीड महिने तिनं डाव्या करंगळीला अक्षरशः राबवलं. ती सुजली, उतरली, परत सुजली.

परीक्षेला कीबोर्ड उचलायला म्हणून मी बरोबर गेले. ताईनं तो लावला आणि जी सुटली! चौतीस शब्द, चूक एकही नाही. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी कागद पाहिला, मग त्या भडक कीबोर्डाकडे पाहिलं.

"बाई, यात मजकूर आधीच भरून ठेवलाय का?"

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात ताईनं माझा हात दाबला. "साहेब, तुमच्या मनातलं काहीही सांगा. मी लिहिते."

साहेब सांगू लागले, "सदर कर्मचारी परीक्षेत उत्तीर्ण झाल्या असून त्यांना त्याच जागेवर..."

ताईची बोटं चाललीच होती. मान वर न करता ती म्हणाली, "साहेब, आदेशात 'जागेवर' लिहीत नाहीत. 'पदावर' करू?"

"करा," साहेब हसले. "त्याच पदावर कायम ठेवण्यात येत आहे."

कागद बाहेर आला आणि साहेबांनी तिथल्या तिथं सही केली. मी ढसाढसा रडले. दारातला शिपाई बघत राहिला, तेव्हा त्याला म्हटलं, "माझी सख्खी बहीण आहे ही."