पाठ लागली नाही

निवडणुकीत पडावं कसं, हे पिंपरी-चिंचवडमध्ये कुणाला शिकायचं असेल तर त्यानं माझ्या मेव्हण्याच्या पायाशी बसावं. आमच्या हिचा हा धाकटा भाऊ. महापालिकेची निवडणूक लागली की हा अपक्ष उभा, आणि पडायचाही अशा रुबाबात की निवडून आलेला शेजारी बावळट दिसावा. मी चौथी नापास, कंपनीत हेल्परकी करण्यात जन्म गेला, मला गोड बोलता येत नाही. मी त्याला तोंडावर येडा म्हणायचो. ही म्हणायची, "असू द्या येडा. चोर तर न्हाई ना?" बाकीचे उमेदवार बघता तेही खरंच होतं.

या खुळाचं मूळ चाकणकडच्या एका जत्रेत आहे. लहानपणी त्यानं तिथं एक कुस्ती पाहिली. एका बाजूला रेड्यासारखा पैलवान, दुसऱ्या बाजूला नुसती काडी. रेड्यानं काडीला पालथं पाडलं ते उठूच दिलं नाही. पण काडीही मातीला अशी चिकटली की काही केल्या उताणी होईना, आणि पाठ मातीला लागल्याशिवाय कुस्तीत हार नाही. शेवटी अंधार पडला, लोकांना भुका लागल्या, पंचांनी वैतागून कुस्ती बरोबरीत सोडवली. मला विचाराल तर तो गडी दुपारभर मातीत तोंड खुपसून पडला होता, दुसरं काही नाही. पण मेव्हण्याचा तो देव झाला. "दाजी, पाठ लागली न्हाई त्याची! माजं बी तसंच हाय." एकदा याचं डिपॉझिट जप्त झालं तेव्हा मी विचारलं, "आता रं?" तर म्हणतो, "डिपॉझिट म्हंजी छातीला लागलेली माती, दाजी. पाठ कोरी हाय."

अंगकाठी सायकलच्या पंपासारखी, पण प्रचाराला निघताना आतून लंगोट कसणार, बदाम घातलेलं दूध पिणार. पैलवान आखाड्याची माती कपाळाला लावतो, तशी याला प्रत्येक गल्लीची माती लावायची असायची. आता आमच्या भागात माती राहिलीय कुठं? जिकडं तिकडं सिमेंटचे ब्लॉक, आणि तेही चांगले असताना उपटून पुन्हा बसवलेले. मग हा तंबाखूच्या डबीत गावची माती घेऊन हिंडायचा. एका वर्षी चिन्ह मिळालं शिट्टी. यानं भर दुपारी कामगारांच्या चाळीत शिरून जी शिट्टी फुंकली, नाइट शिफ्ट करून झोपलेली पोरं चड्डीवर बाहेर आली आणि कोपऱ्यापर्यंत याच्या मागं धावली. संध्याकाळच्या भाषणात हा म्हणाला, "आज तरुण वर्ग माझ्यामागं धावला." मोठ्या सोसायटीत आत सोडेनात, तर गेटवरच्या वॉचमनलाच सगळा जाहीरनामा ऐकवला. त्या बिचाऱ्याचं मत लातूरला.

समोरचा उमेदवार म्हणजे बैल बांधावा एवढी सोन्याची साखळी गळ्यात, मागं गाड्यांची रांग, आणि मतदानाआधी बायकांना देवदर्शनाच्या बसा. मेव्हण्यानं एकदा भर चौकात मांडी थोपटून त्याच्यापुढं हात केला. हा माघार घ्यायला आलाय असं समजून त्यानं खिशात हात घातला. मेव्हणा ओरडला, "अवो भाऊ, पाकीट नगं, पंजा द्या पंजा!"

निकालाच्या दिवशी मात्र तो मतमोजणीवरून सरळ आमच्या दारात यायचा आणि पाठ फिरवून उंबऱ्याशी उभा राहायचा. ही पदरानं त्याची पाठ झटकायची, चष्मा लावून निरखायची आणि म्हणायची, "कोरी हाय. चल, जेव." तेवढं ऐकलं की गडी पुढच्या निवडणुकीला तयार.

गेल्या पावसाळ्यात ही गेली. औंदा अर्ज भरून तो माझ्याकडं आला आणि मातीची डबी हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "दाजी, निकालादिवशी मी जाऊ कुठं?"

"तुला घर न्हाई व्हय?"

"तसं न्हाई वो. आपली पाठ आपल्याला कुठं दिसती? आक्का बघायची. आता लागली का न्हाई, मला कळायचं कसं?"

"मग अर्ज मागं घे," मी म्हणालो. बोलून गेलो. तो उठून गेला.

मागं काही घेतला नाही. लंगोट कसला, डबी घेतली, हिंडला आणि दरवेळेसारखा पडला. निकालादिवशी मी सकाळपासून दाराकडं बघत होतो. यायचा नाही असं वाटत होतं, तरी पिठलं दोघांचं टाकलं होतं. रस्त्यावरून साखळीवाल्याची मिरवणूक गेली, जेसीबीतून गुलाल उधळत, डीजे लावून. आवाज लांब गेल्यावर बघतो तर मेव्हणा दारात उभा. आत येईना. एकदा माझ्याकडं बघितलं आणि हळूच पाठ फिरवली.

सगळी पाठ गुलालानं लाल. मिरवणुकीतल्या पोरांनी मागून ओंजळी ओंजळींनी मारला असणार, त्याला पत्ता नव्हता. मानेपासून कमरेपर्यंत पांढरा सदरा म्हणून दिसत नव्हता.

गुडघे धरत मी उठलो. खांद्यावरच्या टॉवेलनं झटकलं. गुलाल निघतोय कुठला, उलट पसरला. तो मान खाली घालून थांबला होता. मी हिचा चष्मा फळीवरून काढला, डोळ्याला लावला. त्यातून मला काहीच नीट दिसेना.

"कोरी हाय," मी म्हणालो. "चल, जेव."

पिठलं खारट झालं होतं. त्यानं दोनदा मागून घेतलं.