भूमध्य समुद्राचा जाणकार

गढ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, आमच्या भिंतीला लागून एक रिटायर बाबू राहतो. त्याने समुद्र कधी पाहिला नाही, पण बोलतो असा की जणू रोज तिथेच तोंड धुतो. भूमध्य समुद्र युरोपला कशी ऊब देतो, तिथली वाफ इराण ओलांडून आपल्याकडे हिवाळ्यात पाऊस होऊन कशी येते, हे तो बोट वर करून सांगतो. प्रत्येक वाक्यामागे 'बरं का' आहेच.

पौषात माझ्या बायकोने दुखत्या गुडघ्यांनी गच्चीवर चढून मुगाच्या वड्या वाळत घातल्या, नागपूरच्या लेकीसाठी. हा आला.

"भाऊ, वड्या उचला. भूमध्य समुद्रावरून ढग निघाले, बरं का."

"तुम्ही कधी गावाबाहेरच्या तिलवाऱ्याच्या पुलापलीकडे गेले नाही, अन् समुद्राच्या गोष्टी काहून करून राहिले?"

ऊन चांगलं कडक होतं. मी वड्या उचलल्या नाही.

दुपारी जेवताना टपटप ऐकू आली. वर धावलो, तर हा शहाणा भिंत ओलांडून आमच्या गच्चीवर, अंगातलं स्वेटर काढून त्यात वड्या भरून राहिला होता. सगळ्या वाचल्या. त्याची स्वतःची रजई मात्र त्याच्या गच्चीवर चिंब! साऱ्या गल्लीला सांगत फिरला, अन् घरचंच विसरला. असा हा विद्वान.

संध्याकाळी आमची जास्तीची रजई मीच नेऊन दिली. "पांघरा गुपचूप. आज भाषण नको."

"अच्छा भाऊ. पण ढग गेले की थंडी वाढते, बरं का."

मी घरी येऊन बायकोला म्हटलं, "सिगडी पेटव."

"काहून?"

"तू पेटव."