सुनंदाची रायफल आणि माझा सल्ला

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या राजापेठेत स्कूटरची क्लच वायर बदलून घेत होतो आणि ती कशी बदलावी हे मेकॅनिकलाच शिकवत होतो. जन्मभर आयटीआयमध्ये फिटरचा वर्ग घेतला, निवृत्त झालो तरी खोड जात नाही. फोन तिच्या धाकट्या भावाचा, मिलिंदचा, अकोल्याहून. "ताई गेली, भाऊ," एवढंच म्हणाला. मी फोन खिशात ठेवला आणि मेकॅनिकला सांगत होतो ते अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. त्याची लाज मला अजून वाटते. शोकसभेत सगळे तिच्या हसऱ्या स्वभावाबद्दल बोलले, मीही दोन शब्द बोललो. जे बोलायला हवं होतं ते तिथं माझ्याच्यानं बोलवलं नाही, म्हणून आता दीड महिन्यानं लिहायला बसलो आहे.

सुनंदा मूळची बार्शीटाकळीची. वडील शाळेत शिपाई, आणि काही झालं तरी पोरीला शिकवायचं हा त्या घराचा नेम. कॉलेजात एनसीसीमध्ये तिच्या हाती पहिल्यांदा रायफल आली आणि ती जी चिकटली ती चिकटलीच. पुढं अकोल्याला सरकारी कचेरीत लागली, लग्न केलं नाही, आणि दर रविवारी एसटीनं अमरावतीला आमच्या क्लबात नेमबाजीला येऊ लागली. मी तिथं टार्गेटच्या चौकटी आणि कप्प्या दुरुस्त करायचो. बंदुकीतलं मला फारसं कळत नव्हतं, पण हातात पाना असला की माणूस सगळ्यांतलाच जाणकार ठरतो, आणि मीही ते कधी खोडून काढलं नाही. तिचं मागणं एकच होतं. एकदा, फक्त एकदा, राज्य स्पर्धेत जिल्ह्याच्या नावानं उभं राहायचं. त्यासाठी निवड चाचणीत ठरावीक गुण लागत. क्लबाच्या रायफलीवर ती ते गुण मारायची, पण तिथं नंबर लागायचा तेव्हा लागायचा. अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्याच्या मुलाचा शौक फिटला होता, त्याची जुनी पॉइंट टू-टू रायफल तिनं परवान्याचे सगळे सोपस्कार करून घेतली. पहिल्या दिवशी ती रायफल तिनं अशी धरली होती... लहान बहिणीचं पोर पहिल्यांदा घेतात तशी.

काडतुसं मोजकीच मिळत. मग सराव कसा करायचा? मी सांगितलं, रोज संध्याकाळी घरी रिकामी रायफल खांद्याला लाव, भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धर आणि घोडा ओढ. दोनशे वेळा. सैन्यातही असंच करतात, असं मी ठोकून दिलं. कुठं ऐकलं होतं कुणास ठाऊक. ती कधी वाद घालायची नाही. रोज संध्याकाळी फोनवर निरोप यायचा, "दोनशे झाले." मी उलट अंगठ्याचं चित्र पाठवायचो.

वर्षभरात रायफल कुरकुरायला लागली. आधी रिकामं काडतूस नळीतच अडकायला लागलं. मी नळी साफ केली, जरा बरं वाटलं. मग घोडा ओढला तरी गोळी सुटेना, दहात एखादी. मी म्हटलं काडतुसं ओलावली असतील. दुसऱ्या डब्यातली आणली, तेच. मग थंडीत तेल घट्ट होतं म्हणून सगळं तेल पुसून काढलं, मग स्प्रिंगवर संशय घेतला, मग मॅगझिनवर. ती प्रत्येक गोष्ट वहीत सुवाच्य अक्षरात लिहायची. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि कशालाही संशयातून वगळू नये, हे मी हजारो पोरांना फळ्यावर लिहून दिलं आहे. माझा स्वतःचा सल्ला मात्र मी एकदाही तपासला नाही.

शेवटी निवड चाचणीच्या महिनाभर आधी आम्ही दोघं परगावच्या एका बंदुका दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक मिस्त्रीकडं गेलो. परवान्याची झेरॉक्स हवी म्हणून ती समोरच्या दुकानात गेली. मिस्त्रीनं डोळ्याला भिंग लावलं आणि विचारलं, "इसको खाली चलाया क्या किसीने?" मग मला दाखवलं. या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, त्यामुळं घोडा ओढला की आतली पिन मधोमध नाही, कडेवर आपटते. काडतूस नसेल तर ती थेट नळीच्या मागच्या तोंडावर आपटते. हजारो वेळा आपटून तिथं खड्डा पडला होता, पिनचं टोक बोथट झालं होतं, आणि इतक्या जुन्या रायफलीचा भाग आता मिळणार नव्हता. तेवढ्यात ती परत आली. काय म्हणाला म्हणून विचारलं. मी म्हटलं, "जुनी झाली म्हणतो."

बस, एवढंच. त्या संध्याकाळीही निरोप आला, "दोनशे झाले." थांब म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी अंगठा दाखवला. असे मी पुढं किती अंगठे दाखवले...

चाचणीत पहिल्या पाचातच दोन गोळ्या सुटल्या नाहीत. त्यानंतर प्रत्येक वेळी, ही तरी सुटेल का, या भीतीनं ती घोडा झटका देऊन ओढायला लागली. सुटलेल्या गोळ्याही बाहेर गेल्या. दुपारी मैदानाच्या कडेला बसून ती म्हणाली, "भाऊ, बंदूक ठीकच हाय. मीच बिघडली." मी तिच्याकडं पाहिलं आणि डबा उघडून पोळी खाल्ली. ती पुन्हा चाचणीला उभी राहिली नाही. पुढं पोटाचं दुखणं निघालं आणि दोन वर्षांत ते तिला घेऊन गेलं. दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा सांगायचं ठरवूनच गेलो होतो. तिनंच आधी विचारलं, रायफलीले तेल कोण देईन आता? मी देतो म्हणालो. सांगायचं ते तसंच घेऊन परतलो.

परवानाधारक गेला की हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. परवा मिलिंद ती रायफल घेऊन निघाला, मी सोबत गेलो. हवालदार मोठ्या रजिस्टरात लिहीत होता. हत्यार चालू की बंद, त्यानं विचारलं. मिलिंद माझ्याकडं पाहायला लागला, जाणकार म्हणून.

"बंद," मी म्हणालो. "माझ्यामुळं बंद पडलं. मी तिला रिकामी चालवायला सांगितलं होतं. तिचा हात चांगला होता."

हवालदारानं 'बंद' लिहिलं, पुढची ओळ बोटानं चाचपली.

"ते लिवाले रकाना नाही काका," तो म्हणाला. "सही करा इथं."