करंजाच्या तेलावर चाललेलं जिनिंग

इंजिन सकाळी सुरूच होईना. नॉझल काढून पाहिलं, तर तोंडावर डिंकासारखा चिकट थर. नॉझल म्हणजे इंजिनात तेलाचा बारीक फवारा सोडणारी तोटी. ती बुजली की कितीही हँडल मारा, इंजिन ढिम्म.

टाकीत काय ओतलं, असं मी आमच्या चेअरमनना, नारायणरावांना विचारलं. उरलेलं डिझेल पुरवून वापरायचं म्हणून आदल्या दिवशी त्यांनीच जवसाचं तेल ओतायला लावलं होतं. वऱ्हाडात भाजी जवसाच्या तेलात, म्हणून त्यांना तेच सुचलं. पण ते तेल वाळतं. म्हणून तर रंगारी ते रंगात कालवतात. इंजिनाला फोडणी द्यायची नसते, असं मी त्यांच्या तोंडावर बोललो. माझा स्वभावच तसा.

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. १९५६ सालचा कापसाचा हंगाम होता. मारेगावजवळ आमचं सहकारी जिनिंग पहिल्यांदाच सुरू झालं होतं आणि मी, रशीद, तिथला इंजिन-मिस्त्री. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या रेच्या त्या एकाच डिझेल इंजिनावर फिरायच्या. तेवढ्यात सुएझचा कालवा बंद पडला. तेलाची जहाजं आफ्रिकेच्या वळशात अडकली, आपल्याकडे यायला जहाज मिळेना आणि वणीहून येणारी डिझेलची पिंपं थांबली. ट्रक उभे राहिले, रॉकेल मिळेना. ज्या कालव्याचं नाव गावात कोणी ऐकलं नव्हतं, त्यानं आमचे कंदील विझवले.

आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. जवळच एका शेठजींचं जुनं जिनिंग कोळशाच्या बॉयलरवर धडधडत होतं. आम्ही थांबलो की सगळा कापूस तिकडे जाणार, तेही शेठजी म्हणतील त्या भावानं.

"रशीदभाई, गाड्या एकदा वळल्या त परत येत नाहीत," नारायणराव म्हणाले. "सोसायटी बसलीच समजा."

मी नॉझल धूत होतो. शेजारी एक गाडीवान चाकाच्या आसाला करंजाचं तेल देत होता. त्याचा कडवट वास नाकात शिरला आणि डोक्यात उजेड पडला. हे तेल जवसासारखं वाळत नाही. फक्त दाट असतं, त्यामुळे फवारा नीट उडत नाही. मग तापवून पातळ करायचं. इंजिनाचा सायलेन्सर फुकट तापतोच की! त्याला तांब्याची नळी गुंडाळली आणि तेल त्या नळीतून येईल अशी सोय केली. सुरुवात डिझेलवर करायची, इंजिन गरम झालं की कॉक फिरवून करंजावर यायचं, बंद करण्याआधी नळ्या धुवायला पुन्हा थोडं डिझेल. डिझेलचं उरलेलं एक पिंप असं पुष्कळ पुरलं असतं.

आता करंजाचं तेल आणायचं कुठून? ते होतं घरोघरी, पण रॉकेल गेल्यापासून दिवे त्याच्यावरच जळत होते. तेच मागायचं म्हणजे लोकांना अंधारात बसवायचं. नारायणरावांनी आवारात उभं राहून मागितलं. कोणी पुढे येईना.

शेवटी शेवंताबाई गाडीवरून उतरल्या. स्वतःची गाडी स्वतः हाकत आणणारी ती एकटीच बाई होती.

"अंधाराची सवय हाये आमाले," त्या म्हणाल्या. "पण आता शेठच्या दारात कापूस नाही नेत मी. तेल देतो."

दुसऱ्या दिवशी बरण्या, कासंड्या, मडकी, ज्याला जे जमलं त्यात तेल आलं. इंजिन तापल्यावर मी कॉक फिरवला. इंजिनाचा ठोका चुकला. परत चुकला. मग असा लागला की रेच्या गरागरा फिरल्या आणि सरकी खाली पडू लागली. नारायणरावांनी मला मिठीच मारली, माझ्या तेलकट कपड्यांसकट. मला वाटलं, अरबस्तानची सगळी तेलं एकीकडे आणि आमचं मारेगाव एकीकडे.

धुराला इतका वास होता की शेठजींचे मुनीम बघायला आले ते नाकाला रुमाल लावून. पण आमच्याकडची एकही गाडी त्यांच्याकडे गेली नाही. हंगाम पार पडला.

पुढे डिझेल पुन्हा आलं. एक पिंप करंजाचं तेल मी तरीही कोपऱ्यात भरून ठेवलं. नवा चेअरमन आला की पहिल्याच दिवशी विचारायचा, ही घाण इथं कायले ठेवली?

मी सांगायचो, "साहेब, कालवा आपल्या तालुक्यात नाही."